निळा ठिपका

ते ‘चालू’ मी टाइप केलं होतं.
किटुईच्या काउंटी कचेरीत, जिन्याशेजारच्या खोलीत,
जिथला पंखा एकाच बाजूला बघत फिरतो.
कंत्राटदाराचा कागद आला, सही होती, शिक्का होता,
मी ओळ भरली:
खोली एकशे चाळीस मीटर. सौर पंप.
लाभार्थी सहाशे बारा. स्थिती: चालू.
(रकान्यात दोनच पर्याय होते, आणि ‘बंद’ निवडलं
की खाली कारण लिहावं लागायचं.)

मग नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला.
वेबसाइटला दार नसतं, म्हणून साहेबांनी
भिंतीवरच्या पडद्यासमोर फीत बांधून कापली.
रेडिओवर सांगितलं: प्रत्येक बोअरवेल, प्रत्येक शिलिंग,
कुणीही बघा.
कुणी बघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं.

पहिली तक्रार आली ती एका ओळीची:
“तुमच्या निळ्या ठिपक्यावर शेळी बसली आहे.”
सोबत फोटो. बाओबाबच्या डाव्या अंगाला
सिमेंटचा चौथरा, वर शेळी,
उठायला तयार नसलेली.
खाली नाव: स्योकाऊ, रिचार्ज आणि साखरेचं दुकान.

दुसरी तक्रार:
“सहाशे बारा कोण? यादी द्या.
माझं नाव असेल तर मी कधी प्यायले
ते तरी कळेल.”

कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं मलाही कळत होतं.
सप्टेंबर होता. गाढवं पिवळे कॅन घेऊन
पहाटे तीनला निघत, नदीच्या वाळूत खड्डा खणून
वाटीवाटीनं भरून आणत.
एकशे चाळीस मीटर खोल काही गेलंच असेल
तर ते पैसे.

तिसऱ्या वेळी तिनं भिंतीचा फोटो पाठवला.
दुकानाच्या भिंतीला मातीचा गिलावा,
त्यात सोड्याच्या बाटल्यांची बुचं दाबलेली:
चालू विहिरींना चकचकीत, मेलेल्यांना गंजकी.
म्हातारा मुन्योकी, दोन्ही डोळे गेलेला,
बोट फिरवत मोजत होता.
गंजलेलं बोटाला खरबरीत लागतं.
एकोणीसपैकी चौदा, तो म्हणाला,
आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला,
आपलीच चूक झाली असेल म्हणून.

साहेबांनी मला बोलावलं.
“चूक आहे. दुरुस्त कर.”
मी विचारलं, पंप कधी पाठवायचा?
ते माझ्याकडे बघत राहिले.
“नकाशा म्हणतोय मी.”

ठिपका पुसायला दोन क्लिक लागतात.
दुसऱ्या क्लिकआधी यंत्र विचारतं: नक्की?
दर वेळी विचारतं. चौदा वेळा विचारलं.
आता नकाशा अगदी खरा झाला,
त्या टेकाडावर काही नाही
आणि तिथं खरंच काही नाही.
अहवालात लिहिलं: अचूकता शंभर टक्के.

पण तिनं जुनी यादी उतरवून ठेवली होती.
काल रात्री निरोप आला, शिवी नाही, काही नाही:
“एकशे अठ्ठावन्नवी ओळ कुठं गेली?”
मी फोन पालथा ठेवला.
बायको म्हणाली, कोण आहे?
गिऱ्हाईक, मी म्हणालो.

आज शनिवार. कचेरीत पहारेकरी म्वेमा
आणि मी. पंखा त्याच बाजूला.
चौदा ओळी जशाच्या तशा परत टाकल्यात,
आणि स्थितीच्या रकान्यात
एक तिसरा पर्याय घातलाय: ‘कागदावर’.
कारण लिहायची सोय आहे. कारणही लिहिलंय,
कंत्राटदाराचं नाव, बिलाचा आकडा, सहीची तारीख,
टाइप करणाऱ्याच्या जागी माझं नाव.

सोमवारी साडेआठला साहेब येतील
आणि हे पुसलं जाईल.
तोवर, देवा, त्या टेकाडावर
नेट असू दे.